‘केले’ म्हणजे काय केले?

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी पाककृती पुष्कळ आल्या आहेत, तेव्हा तुम्ही काही माहितीपर लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला बजावले. म्हणून एका यादीचा इतिहास लिहीत आहे. यादी अगदी लहान आहे. स्नान करणे, कपडे घालणे, शौचास जाऊन येणे, अंथरुणावरून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे, अशा सहाच गोष्टी तीत आहेत. आपल्यापैकी बहुतेकींनी त्या आज सकाळी न्याहारीपर्यंत उरकलेल्या असतील, आणि उरकल्या हे कुणाच्या ध्यानातही राहिले नसेल.

आपल्या भाषेत एक वाक्य फार चालते. ‘तिने सासूचे फार केले.’ शाळेत मास्तरांनी आपल्याला शिकवले की ‘करणे’ हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला कर्म हवे. पण या वाक्यात कर्म कुठे आहे? काय केले? किती वेळा केले? रात्री किती वेळा उठून केले? वाक्य तेवढे सांगत नाही, आणि ऐकणारीही विचारत नाही, कारण तिला ते ठाऊक असते. म्हातारी माणसे देवापाशी मागणे मागतात तेही असेच असते. ‘हातपाय चालते आहेत तोवर उचल रे बाबा, कुणाला माझे करावे लागू नये.’ आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या सर्वांत मोठे काम ज्या शब्दाने ओळखले गेले, त्या शब्दात कामाचे नावच नाही. ते नाव प्रथम कुणी दिले, कशासाठी दिले, आणि पुढे त्याचे काय झाले, तेच आज सांगायचे आहे.

मला या विषयाची गोडी लागली ती अभ्यासाच्या हौसेने नव्हे. चार वर्षांपूर्वी माझे यजमान स्कूटरवरून पडले आणि त्यांच्या डोक्याला मोठा मार बसला. महिनाभर रुग्णालयात काढून ते घरी आले ते जवळजवळ तान्ह्या मुलासारखे. त्यांनी पूर्वी गंभीर आजारांचा एक विमा उतरवलेला होता. अर्ज आणला तर त्यात स्नान, कपडे, शौच वगैरे सहा चौकटी होत्या, आणि सहांपैकी निदान तीन गोष्टी स्वतः करता येत नसल्या तरच रक्कम मिळेल असे लिहिले होते. काही महिन्यांनी तपासणीसाठी एक डॉक्टर घरी आले. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी विचारले, ‘‘आंघोळ स्वतः करता का?’’ यजमान खुर्चीत होते तितके ताठ बसले आणि म्हणाले, ‘‘माझे सगळे मीच करतो.’’ चौतीस वर्षे कचेरीत मानाने काम केलेला माणूस परक्यासमोर याहून वेगळे काय सांगणार?

मी चहा घेऊन दाराशी उभी होते. त्याच सकाळी मी न्हाणीघराच्या दाराशी अशीच उभी राहिले होते. कडी न लावता नुसते लोटलेले दार, आत ते, बाहेर मी, वीस मिनिटे. तांब्या पडल्याचा आवाज आला तर धावायचे म्हणून. हे माझे उभे राहणे कोणत्या चौकटीत लिहायचे ते मला कळेना. दावा नामंजूर झाला. तेव्हा रागाच्या भरात ही सहा प्रश्नांची यादी आली तरी कुठून, याचा मी शोध घेऊ लागले.

या गोष्टीचा आरंभ लढायांनंतरच्या रुग्णालयांत सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात औषधे आणि शस्त्रक्रिया एवढ्या सुधारल्या की पूर्वी जे जखमी सैनिक दगावले असते ते जगले. पण जगले म्हणजे घरी जाऊन आपले आपण जगू लागले असे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये अपंगांसाठी चालवलेल्या एका संस्थेत जॉर्ज डीव्हर हे डॉक्टर आणि मेरी एलिनॉर ब्राउन या व्यायामोपचार करणाऱ्या बाई काम करीत. १९४५ साली त्यांनी रोजच्या जगण्यात शरीराला काय काय करावे लागते याची पद्धतशीर टिपणे प्रसिद्ध केली. अमुक स्नायूत किती जोर आहे एवढे पाहून भागत नाही. त्या जोराने माणसाला पलंगावर कूस बदलता येते का, बटण लावता येते का, हे पाहिले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. ‘दैनंदिन जीवनातील क्रिया’ हा शब्दप्रयोग त्या काळापासून रुळू लागला.

मात्र सहाच गोष्टींची नेमकी यादी झाली ती अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड शहरी. तेथे बेंजामिन रोझ यांच्या नावाचे वृद्ध रुग्णांसाठी एक रुग्णालय होते. त्यात डॉ. सिडनी काट्झ आणि त्यांचे सहकारी मांडीचे हाड खुब्याशी मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करीत होते. हाड सांधले की शल्यवैद्याचे काम संपले. पण हाड सांधलेली एक म्हातारी घरी परत जाते आणि दुसरी कायमची अंथरुणाला खिळते, हे कशाने ठरते? नुसत्या हाडाच्या छायाचित्राने ते कळत नव्हते. म्हणून त्यांनी रुग्ण रोज काय काय स्वतः करतो याच्याच नोंदी ठेवल्या. १९५९ साली त्या अभ्यासातून पहिले वर्गीकरण निघाले, आणि २१ सप्टेंबर १९६३ रोजी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्याचे पक्के रूप छापून आले. १००१ माणसांच्या २००१ तपासण्यांचा आधार त्याला होता. साही गोष्टी स्वतः करणारा पहिल्या श्रेणीत, एकही न करू शकणारा सातव्या श्रेणीत, आणि मध्ये क्रमाक्रमाने बाकीचे.

या क्रमात एक मोठी मौजेची गोष्ट काट्झ यांच्या ध्यानात आली. आजारी माणूस बरा होऊ लागला की त्याच्या शक्ती कशाही परत येत नाहीत. जेवणे आणि मलमूत्रावरचा ताबा आधी परततो, मग अंथरुणावरून उठणे आणि शौचास जाणे, आणि कपडे व स्नान सर्वांत शेवटी. लहान मूल या गोष्टी साधारण याच चालीने शिकते, असे त्यांनी दाखवून दिले. मूल वाढवलेल्या बाईला हे पटवायला दोन हजार तपासण्यांची जरूर नाही. वाटीतला भात तोंडात घालणारे पोर सदरा घालून घ्यायला आणखी किती महिने लावते, आणि डोक्यावरून नीट पाणी घ्यायला किती वर्षे, हे आपण सर्वजणी जाणतो. पण आपले जाणणे आपल्यापाशी राहिले, आणि त्यांनी ते लिहून काढले. फरक एवढाच, आणि तो थोडा नाही.

काट्झ यांचे नियम मी वाचले तेव्हा मला सर्वांत नवल वाटले ते त्यांतल्या व्यवहारी शहाणपणाचे. स्नान करताना नुसती पाठ किंवा एखादा दुखरा अवयव दुसऱ्याने धुतला तरी तो माणूस स्वावलंबीच. बुटाची नाडी बांधता आली नाही तरी कपड्यांच्या बाबतीत बिघडत नाही. परंतु कुणी हात धरावा लागत असेल, सांगावे लागत असेल, किंवा नुसती देखरेख करावी लागत असेल, तर तो माणूस त्या बाबतीत परावलंबी धरायचा. म्हणजे माझे दाराशी उभे राहणे १९६३ सालच्या यादीत होते! शिवाय त्यांचा प्रश्न ‘तुम्हाला येते का’ असा नव्हता, ‘तुम्ही करता का’ असा होता. ज्याला येते असे वाटते पण जो करीत नाही, तो न करणाऱ्यांतच मोजायचा. आणि तपासणाऱ्याने नुसते विचारून थांबायचे नव्हते. ‘मला तुमचे न्हाणीघर दाखवा,’ असे म्हणून त्याने रुग्णाला उठवायचे आणि तो कसा उठतो, कसा चालतो, ते डोळ्यांनी पाहायचे. आमच्याकडे आलेल्या डॉक्टरांनी ही एक गोष्ट केली असती तर पुढचे पुष्कळ टळले असते.

याच सुमारास मेरीलँड प्रांतातल्या रुग्णालयांत दुसरी एक मोजपट्टी तयार झाली, आणि ती दोघी बायांची आहे. फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर होत्या, आणि डोरोथिया बार्थेल या व्यायामोपचार करीत. त्यांनी दहा बाबी घेऊन शंभर गुणांचे प्रगतिपुस्तक केले आणि १९६५ साली छापले. चालण्याला पंधरा गुण, जेवणाला दहा, जिना चढण्याला दहा, स्नानाला पाच, असे ते आहे. बार्थेलबाईंच्या नावाने ते आजही रुग्णालयांत वापरतात. त्यांनी एक प्रांजळ इशारा देऊन ठेवला आहे. शंभरपैकी शंभर मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असे समजू नका. तो स्वयंपाक करू शकेल, घर चालवू शकेल, असे नाही. परिचारकावाचून त्याचे भागेल, इतकेच.

मग घर चालवण्याचे काय? ते काम १९६९ साली फिलाडेल्फियातल्या पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी हाती घेतले. टेलिफोन करणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचा हिशेब, अशा आठ गोष्टी त्यांनी मांडल्या. इथे मात्र मला हसावे की रडावे ते समजेना. बायकांना आठही प्रश्न, आणि पुरुषांना पाचच! स्वयंपाक, घरकाम आणि धुणे हे तीन पुरुषांच्या बाबतीत मोजायचेच नाहीत, कारण ते त्यांनी कधी केलेलेच नसते, म्हणून ते येत नसल्याचा दोष आजारपणाला कसा द्यावा? त्या काळच्या व्यवहाराला धरून ते खोटे नव्हते. पण त्याचा अर्थ असा झाला की चहाचे आधणही ठेवू न शकणारा पुरुष पाचपैकी पाच गुण मिळवून स्वावलंबी ठरायचा, आणि त्याचा चहा करणाऱ्या बाईचे कष्ट कोणत्याच कागदावर यायचे नाहीत. याच इलेन ब्रॉडी यांनी पुढे वृद्ध आईबाप आणि स्वतःचा संसार यांच्या मध्ये सापडलेल्या बायकांविषयी १९८१ साली लिहिले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

इथवरची सारी हकीकत रुग्णालयातली. माणूस किती सुधारला, त्याला आणखी कोणती मदत द्यावी, हे पाहण्यासाठी मोजपट्टी होती. पुढे ती तिजोरीच्या दाराशी गेली. १९६५ साली अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी सरकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला. त्यात डॉक्टर आणि रुग्णालय बसले, परंतु घरी किंवा आश्रमात न्हाऊ घालणे, कपडे चढवणे, भरवणे ही नुसती सांभाळण्याची कामे त्याने उचलली नाहीत. तेव्हा त्यासाठी खाजगी विमे निघाले. विमा म्हटला की पैसे कधी द्यायचे याची रेघ हवी, आणि ती रेघ काट्झ यांच्या यादीत आयती सापडली. १९९६ सालच्या अमेरिकन कायद्याने करसवलतीच्या विम्यांसाठी ती पक्की केली. सहांपैकी निदान दोन गोष्टी दुसऱ्याच्या भरीव मदतीवाचून निदान नव्वद दिवस होणार नसल्या, किंवा बुद्धिभ्रंशामुळे सतत देखरेख लागत असली, तर तो माणूस पात्र.

इतर देशांनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला. जर्मनीत १९९५ साली शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला तेव्हा मोजमाप मिनिटांचे होते. रोज निदान नव्वद मिनिटांची मदत लागली तर पहिला वर्ग. तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत सबंध अंग धुण्याला वीस ते पंचवीस मिनिटे आणि केस विंचरण्याला एक ते तीन मिनिटे धरलेली असत. ज्याचे हातपाय धड आहेत पण जो गॅस चालू ठेवून विसरतो, त्याच्यामागे दिवसभर फिरणारीची मिनिटे त्यात नीट बसत ना. म्हणून २०१७ साली मिनिटे काढून टाकली आणि माणूस स्वतः किती करतो ते पाहून पाच श्रेणी ठरवल्या. आणखी एक गोष्ट जर्मनांची घेण्याजोगी आहे. घरच्या माणसाची नियमाने शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या निवृत्तिवेतनात त्या विम्यातून भर घातली जाते. म्हणजे सासूचे ‘केले’ ते सुनेच्या म्हातारपणाच्या खात्यावर जमा होते.

जपानमध्ये असा विमा एप्रिल २००० पासून आहे. तेथे वाद झाला तो वेगळाच. घरी करणाऱ्यांना रोख पैसे द्यावेत की नाहीत? हिगुची केइको यांच्यासारख्या स्त्रीसंघटनांतल्या कार्यकर्त्यांनी रोख रकमेला विरोध केला. हातात चार पैसे ठेवले की सून घराला कायमची बांधली जाईल, त्यापेक्षा बाहेरून मदतनीस पाठवा, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने रोख रक्कम दिली नाही, सेवा दिली. जर्मनांचे बरोबर की जपान्यांचे, यावर आपल्या मंडळात एक दुपार चांगली रंगेल.

आपल्या देशात असा सर्वांसाठीचा शुश्रूषेचा विमा नाही. ती यादी आपल्याकडे आली ती खाजगी पॉलिसीच्या बारीक अक्षरांतून. २०१६ साली विमा नियामक प्राधिकरणाने गंभीर आजारांच्या एकसारख्या व्याख्या घालून दिल्या, त्यांत डोक्याच्या मोठ्या दुखापतीच्या व्याख्येत सहा क्रिया आहेत. स्नान, कपडे, पलंगावरून खुर्चीवर जाणे, सपाट जमिनीवर एका खोलीतून दुसरीत जाणे, शौच आणि जेवण. त्यांपैकी तीन, काठी-कठड्याचा आधार घेऊनसुद्धा, करता येता कामा नयेत; आणि ही असमर्थता कायमची, म्हणजे आजच्या वैद्यकाने बरी न होणारी असली पाहिजे. या ‘कायमची’ शब्दापाशी मी फार वेळ थांबले. काट्झ यांनी यादी केली ती माणूस सुधारतो आहे का हे पाहण्यासाठी. इथे तो सुधारत नाही हे सिद्ध करायचे. एकच यादी, पण एका हाती ती जिना झाली आणि दुसऱ्या हाती उंबरठा.

शिवाय पलंग आणि खुर्ची! जी आजी आयुष्यभर जमिनीवर निजली, पाटावर जेवली आणि उकिडवी बसून भांडी घासली, तिचे खरे संकट जमिनीवरून उठण्याचे असते. तो प्रश्न यादीत नाही. आपल्याकडच्या संशोधकांना हे कळले होते. हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांमधला बुद्धिभ्रंश ओळखण्यासाठी भारतीय आणि अमेरिकन अभ्यासकांनी मिळून एक प्रश्नावली बनवली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. तीत चेकवर सही नाही, टेलिफोन नाही. होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का, दिलेला निरोप पोचवता येतो का, गावातल्या गावात वाट चुकते का, असे प्रश्न आहेत, आणि ते घरच्या माणसाला विचारायचे आहेत. घरच्या माणसाला! पुढे २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली, तीतही ही रोजची कामे विचारली. साठीपुढच्या शंभरांत सुमारे २४ जणांना त्यांतल्या निदान एका कामात अडचण आहे असे आढळले. म्हणजे आपल्या गल्लीतल्या घरांतून असे कुणी ना कुणी आहेच, आणि त्यांच्यापाशी उभे राहणारेही कुणी आहे.

आता आमच्या घरची हकीकत पुरी करते. दावा नामंजूर झाल्यावर मी शाळेची एक दुरेघी वही घेतली आणि महिनाभर रोज लिहिले. आंघोळ : पाणी मी काढले, बसवले मी, पाठ आणि पाय मी धुतले. कपडे : सदऱ्याची उजवी बाही मी घातली. शौच : दाराशी उभी, दोनदा हाक. रात्री : तीन वेळा उठवले. यजमानांना प्रथम ते आवडले नाही. एके दिवशी त्यांनी वही मागून घेतली, बराच वेळ वाचली आणि काही न बोलता परत दिली. त्यानंतर ते डॉक्टरांना खरे सांगू लागले.

वहीसह दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी स्नान आणि कपडे या दोन चौकटी मान्य झाल्या. तिसरी झाली नाही, कारण तोवर ते थोडे सुधारले होते. पैसे मिळाले नाहीत. पण आमच्या डॉक्टरांनी ती वही ठेवून घेतली, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला वाचायला दिली, आणि तिने कोणत्या बाहीपासून आरंभ करायचा ते त्या नोंदींवरून ठरवले. तिजोरीपाशी जी वही तोकडी पडली ती खाटेपाशी उपयोगी पडली.

म्हणून माझे भगिनींना एवढेच सांगणे आहे. घरात कुणाचे ‘करावे’ लागत असेल तर काय केले ते लिहून ठेवा, तारीख घालून. हातांनी केले तेही लिहा आणि नुसते उभे राहिलात तेही लिहा. तपासणीला कुणी आले तर, ‘न्हाणीघर दाखवते, या,’ असे तुम्हीच म्हणा. पुढेमागे आपल्याकडे शुश्रूषेचा विमा होईल तेव्हा यादी कुणीतरी करीलच. ती करताना जमिनीवरून उठणे आणि दाराशी उभे राहणे या दोन गोष्टी तीत घाला, असे सांगायला आपल्यासारख्या मंडळांनी जायला हवे.

यजमान आज स्वतः जेवतात, स्वतः कपडे घालतात. स्नान सर्वांत शेवटी परत आले, काट्झ यांनी सांगितले होते तसेच. आता मी दाराशी उभी राहात नाही. पाठ मात्र अजून मी चोळून देते. तेवढी मदत १९६३ सालापासून माफ आहे.